सोवेतबेकदादाने जोडलेली तार

माझा जन्म झाला तेव्हा सोवेतबेकदादा सहा वर्षांचा होता. आई सांगायची, पाळण्यात डोकावून त्याने विचारलं होतं, "हिला परत न्यायला कधी येणार?" तेव्हापासून त्याचा स्वभाव तोच. आपलं म्हटलेलं माणूस दुसऱ्याकडे बघून हसलं की तो भरल्या ताटावरून उठायचा. त्याच्या कुत्र्याने मला बघून शेपूट हलवलं, तर दिवसभर तो त्या कुत्र्याशी अबोला धरायचा. तसा मनाचा कोता नाही. थंडीत स्वतःच्या अंगावरचा कोट काढून वाटसरूला दिलेला मी पाहिलाय. पण त्या वाटसरूने कोटाबद्दल आभार आमच्या वडिलांचे मानले, तर ते त्याला आठवडाभर सलत राहिलं.

मोठा झाल्यावर तो सामुदायिक शेतीच्या वर्कशॉपात मेकॅनिक झाला. एका सुगीला त्याला मळणीयंत्रं घेऊन तलासला पाठवलं. तलास म्हणजे आमच्या अत-बाशीपासून देशाचं पार दुसरं टोक. मध्ये घाटांवर घाट. गेला होता यंत्रं घेऊन आणि परत आला बायको घेऊन. ती आमची शाइरगुलवहिनी.

वहिनी आली तेव्हा खूप हसायची म्हणे. मला ते हसणं आठवत नाही, कारण आमच्याकडे सुनेने सासरच्या माणसांसमोर खळखळून हसायची पद्धत नाही. ती रुमालाचं टोक तोंडावर धरून हसायला शिकली, आणि मग तो रुमाल तसाच राहिला. माहेर इतकं लांब की सासूचं आजारपण, मुलांची शाळा, हिवाळ्यातली गुरं, काही ना काही आडवं यायचं. दादा दर उन्हाळ्यात म्हणायचा, "कुरणावरून खाली उतरलो की नेतो तुला." खाली उतरलं की बर्फ पडायचं आणि घाट बंद व्हायचे.

सामुदायिक शेती मोडली, वर्कशॉपचे पत्रे लोकांनी वाटून नेले, आणि दादा गुराखी झाला. मुलं दोन्ही मॉस्कोला बांधकामावर. उन्हाळ्यात आम्ही वरच्या कुरणात जातो. ओढ्याच्या अलीकडे दादाचा बुरणुसाचा तंबू, पलीकडे माझा नि आमच्या ह्यांचा. गाई, याक, घोड्या. दूध काढायचं, साय काढायची, लोणी आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे करायचे, हेच काम पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. साय काढायच्या यंत्राचा दांडा फिरवून फिरवून वहिनीचा उजवा खांदा गेला. इतका की केस विंचरायला ती मला ओढ्यापलीकडून हाक मारायची.

म्हणून मुलांनी मोटर लावलेलं यंत्र, सोलरचं पॅनल आणि बॅटरी घ्यायला सांगितलं. दादा त्या दिवशी एका अडलेल्या गाईपाशी होता, त्यामुळे अत-बाशीच्या बाजारात मी आणि वहिनीच गेलो. मेदेर नावाच्या पोराचं तिथे छोटं दुकान आहे. लिथियमचे सेल जोडून तो बॅटऱ्या बनवतो, लोखंडी डब्यात घालून देतो. पोरगा म्हणजे पंचविशीचा, लग्न ठरलेला, जाड भिंगांचा चष्मा. वहिनी दोन वाक्यं बोलली असेल नसेल, त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"ताई, तुम्ही तलासच्या का?"

"का रे?"

"'इकडे' म्हणताना तुम्ही आमच्यासारखा हेल काढला."

मग गाव निघालं, आळी निघाली, आणि तो वहिनीच्या आईच्या घरासमोरचाच निघाला. कामासाठी मामाकडे म्हणून इकडे आलेला. "म्हणजे गिरणीवाल्या तोक्तोबूबूची शाइरगुल तुम्हीच? तुमची आई अजून आमच्या कोंबड्याला शिव्या देते!" हे ऐकून वहिनी हसली. काउंटरवर हात टेकून, रुमाल न धरता, गळा मोकळा करून हसली. शेजारचा खिळेवाला डोकावला. इतक्या वर्षांत ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं आणि कौतुकाने घरी येऊन दादाला सांगितलं.

दादा म्हणाला, "एवढं काय हसण्यासारखं होतं?"

बॅटरी कुरणात आली. यंत्र आपोआप फिरू लागलं आणि वहिनीचा खांदा जरा निवला. दादाने लगेच त्यावर आपला टीव्ही जोडला. घोडेस्वारांचे कोक-बोरूचे सामने म्हणजे त्याचा जीव की प्राण. जूनमध्ये चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि एका संध्याकाळी, दूध यंत्रात ओतलेलं असताना, बॅटरी एकदम बंद पडली. दिवा मंद झाला नाही, मोटर कण्हली नाही. दार आपटावं तशी बंद.

दादाने डब्याला कान लावला. "ही कसली बॅटरी? आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे याक. दमली की पाय ओढते, मग धापा टाकते, मग बसते. माणसाला कळतं तरी. ही मेली तरी बोलत नाही!"

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तरी बॅटरी उठेना. वहिनी टेकडीवर गेली, कारण फोन तिथेच लागतो, आणि तिने मेदेरला बोलावलं. तो मोटरसायकलवर धुळीने माखून आला, बूट काढले, आत वाकला आणि दादाला म्हणाला, "सलाम, दाजी!"

दादाचे कान लाल झाले. ते मी ओढ्यापलीकडूनही ओळखलं असतं.

मेदेरने डबा उघडला, खिशातून आणलेल्या छोट्या बॅटरीच्या दोन तारा त्या बॅटरीला क्षणभर टेकवल्या, आणि दिवा लागला. एवढंच. दादा बघत राहिला.

"बिघडलं काय होतं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही, दाजी. हे सेल एका हद्दीखाली रिकामे झाले ना, की आतून नासतात. वरून दिसत नाही. मग परत भरायला गेलं की तापतात, पेटतातसुद्धा. म्हणून ही हिरवी पट्टी आहे बघा, ती हद्द आली की दार लावून घेते. पोटात थोडं राखून ठेवते. दार लावलं की सोलरच्या कंट्रोलरला वाटतं इथे बॅटरीच नाही, म्हणून तो भरत नाही. बाहेरून जरा हाक दिली की उठते."

"म्हणजे आत चार्ज असतो?"

"थोडा असतो."

"आणि तरी देत नाही?"

"देऊ नये म्हणूनच तर पट्टी आहे."

वहिनीने बैठक घातली. ताजी साय, कणकेचे तळलेले बोरसोक, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस, आणि पाहुण्यासाठी राखलेलं मटण. मेदेर खाताना बोलत होता आणि वहिनी विचारत होती. गिरणीचा पाट अजून फुटतो का, पांगळ्या एसेनचं लग्न झालं का, आईचे डोळे कसे आहेत. नावं अशी येत होती की आम्हाला त्यातलं एकही माहीत नाही. मध्येच ती परत तशी हसली. दादा बाहेर खोगीर शिवायला बसला होता. त्याने तोच टाका तीनदा घातला आणि तीनदा उसवला.

मेदेर गेल्यावर तो ओढा ओलांडून माझ्याकडे आला.

"गुलसून, तू सांग. दोन तारा टेकवल्या. पाच श्वासही गेले नाहीत. आणि त्याला अख्खं मटण?"

"पाहुणा होता, दादा."

"आणि दाजी? मी दाजी कुणाचा? मला दादा म्हण ना! मग ती आपोआप वहिनी होते. पण नाही. तिला ताई करून ठेवलंय आणि मला दाजी. म्हणजे घरातली ती आणि बाहेरचा मी! माझ्याच तंबूत!"

"तो तिच्या आळीतला आहे. तिच्या मुलाच्या वयाचा आहे."

"मी कुठे तसलं काही म्हणतोय?" तो भडकला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "ती माझ्याशी बोलताना कधी तशी हसली? तू ऐकलंस का कधी?"

मी ऐकलं नव्हतं.

पुढे बॅटरी आणखी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी सामना होता, हे मला दिसत होतं, दादाला दिसत नव्हतं. मेदेरने तिसऱ्या खेपेला जरा चाचरत सांगितलंही, "दाजी, साय काढायला ही बॅटरी भरपूर आहे. टीव्हीला मात्र नाही पुरणार." दादाने टीव्हीवर बुरखा टाकावा तसं फडकं टाकलं आणि तो घोड्यावर बसून निघून गेला. त्याच दिवशी मेदेरने वहिनीला शिकवलं, की दादाच्या ट्रकच्या बॅटरीच्या तारा टेकवूनही ती उठते, त्याला बोलवायची गरज नाही. ती लगेच शिकली. माझ्यासमोर करूनही दाखवलं.

तरी चौथ्यांदा बंद पडली तेव्हा ती टेकडी चढायला लागली. मी वाटेत गाठलं.

"वहिनी, तुम्हाला येतं ना ते आता?"

"येतं."

"ट्रकही इथेच उभा आहे."

"आहे."

"मग?"

ती थांबली, खांदा चोळत म्हणाली, "वन्सं, तुमचं माहेर ओढ्याच्या पलीकडे आहे." आणि चढून गेली.

हे मी दादाला सांगितलं नाही. पण त्याला दुसरंच काहीतरी सुचलं होतं, आणि ते त्याने मलाच येऊन सांगितलं, डोळे चमकवत. "कळलं मला. पोरगा हुशार आहे. ज्याने कुलूप लावलं तोच किल्ली घेऊन फिरतो. बॅटरी बिघडत नाही, गुलसून, ती बंद पाडलेली आहे! पोटात चार्ज असताना द्यायचा नाही, म्हणजे बाईने फोन करायचा, म्हणजे साहेबांनी यायचं, साय चाटायची आणि आमच्या तोंडावर गावच्या गप्पा मारायच्या."

"तो सेल नासतात म्हणाला ना?"

"म्हणणारच! मी बावीस वर्षं बॅटऱ्या हाताळल्यात. एकीलाही असला नखरा नव्हता."

वहिनी याकांकडे गेली होती तेव्हा त्याने डबा उघडला. हात मेकॅनिकचाच, त्याला फार शोधावं लागलं नाही. सेलांकडून येणारी काळी तार हिरव्या पट्टीत शिरत होती आणि पट्टीतून दुसरी काळी तार बाहेर पडत होती. त्याने ट्रकमधली एक जाड तार कापली आणि त्या दोन टोकांना आडवी जोडून टाकली. पट्टी आपल्या जागी राहिली, पण तिला कुणी विचारेना. संध्याकाळी वहिनीने डब्याचं झाकण हललेलं पाहिलं.

"मेदेर म्हणाला होता हात लावू नका."

"मेदेर म्हणाला, मेदेर म्हणाला! ह्या तंबूत मेकॅनिक कोण आहे?"

तिने झाकण नीट बसवलं. मुलांच्या बापाचं नाव ती घेत नाही, आणि त्याच्याशी वादही घालत नाही. आमच्या आईने तिला तसंच वळण लावलं होतं.

आणि खरंच, बॅटरी बंद पडेना. जुलै लागला. यंत्र फिरत होतं, टीव्ही चालत होता, मेदेर येत नव्हता. दादाच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. आजूबाजूच्या तंबूंतले लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. तो झाकण उघडून ती तार दाखवायचा, जसा कुणी लांडग्याचं कातडं दाखवेल. "एवढीशी तार! आणि तुम्ही त्या चष्मेवाल्यापुढे मेंढ्या कापताय." वरच्या कुरणातला एक म्हातारा त्याला 'इंजिनियर' म्हणाला, तर त्याला जाताना लोण्याचा गोळा मिळाला.

वहिनी मात्र बोलायची थांबली. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. टेकडीवर जायला तिला कारण उरलं नव्हतं. एकदा दूध काढताना मी म्हटलं, "फोन तर असाही करता येईल की."

"काय सांगून बोलवू? बॅटरी चांगली चालतेय म्हणून?"

दादाला वाटलं, जिंकलो. पण दोन दिवसांनी तो माझ्याकडे येऊन बसला, चहा निववत. "तो येत नाही तरी ती त्याच्याकडेच बघत असते," तो म्हणाला.

"कुठे?"

"रस्त्याकडे."

महिन्याच्या शेवटी गारा पडल्या, मग पावसात मिसळून बर्फ. कुरणात जुलैतही हे होतं. आभाळ उतरून तंबूच्या माथ्याला टेकलं. नेमका आमच्या नारिन प्रांताच्या संघाचा मोठा सामना होता. दादाकडे सहा-सात जण जमले होते, कोट वाळवत, ओरडत. सामना संपत आला तसा दिवा पिवळा झाला, मग तांबूस. दादा मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा! आता कशी खऱ्या बॅटरीसारखी मरतेय! सांगून मरतेय!" सगळे हसले. टीव्हीचं चित्र आकसून गेलं. यंत्रातलं दूध तसंच राहिलं आणि वहिनीने दांडा बसवून हाताने फिरवायला घेतलं. मी जाऊन तिच्या हातून दांडा काढून घेतला.

पुढचे दोन दिवसही ऊन नव्हतं. बॅटरी तशीच पडून राहिली, पार कोरडी.

तिसऱ्या दिवशी आभाळ फाटलं आणि असं ऊन आलं की ओल्या गवतातून वाफा निघू लागल्या. दादाने ट्रकच्या तारा ओढून आणल्या आणि बॅटरीला टेकवल्या. उठेना. जरा जास्त वेळ धरून ठेवल्या, तेव्हा कंट्रोलरवरचा हिरवा ठिपका लागला. "झालं," असं म्हणत त्याने हात झटकले.

दुपारी मी आमच्या दाराशी दह्याचे गोळे उन्हात मांडत होते. वहिनी ओढ्यावर दुधाचे डबे घासत होती. दादा आत लवंडला होता. मला आधी वास आला, गोडसर आणि घशाला झोंबणारा, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा. मग फुसफुस ऐकू आली, मग फट् असा एक आवाज. दादाच्या तंबूच्या दारातून पांढरा धूर लोळत बाहेर आला.

मी ओरडले. तोपर्यंत दादा उठला होता. बॅटरीचा डबा दाराशेजारी, पेट्यांच्या उतरंडीपाशी होता, आणि वर सगळं लोकर आणि लाकूड. त्याने हाताने उचलायला बघितला आणि बोंबलून सोडला. मग जे हाताला लागलं ते ओढलं, डब्यावर टाकलं, गुंडाळला, छातीशी धरला आणि पळत येऊन ओढ्यात फेकला. पाण्यातही डबा कितीतरी वेळ फुरफुरत होता. एकेक सेल फुटत होता.

त्याच्या हाताला लागला होता तो वहिनीच्या आईने दिलेला बुरणूस. बैठकीच्या मानाच्या जागी अंथरायचा, लाल-काळ्या शिंगांच्या नक्षीचा. लग्नात ती माहेरून आणू शकली अशी ती एकच मोठी वस्तू. वहिनीने आधी दादाचा हात धरून तो ओढ्याच्या गार पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तळव्याची कातडी सुटली होती. तो दात खाऊन बसला होता. मग ती पाण्यात उतरली आणि बुरणूस ओढून काढला. अर्धा कोळसा, अर्धा चिखल. तिने तो दगडावर पसरला आणि नक्षीचा एक उरलेला कोपरा बोटाने पुसला.

"मी आईकडे जाते," ती म्हणाली.

"कुरणावरून उतरलो की..."

"उतरलं की बर्फ पडतं."

"दूध कोण काढेल?"

"ते तुम्ही बघा."

मी इतक्या वर्षांत तिला त्याचं बोलणं मध्येच तोडताना पाहिलं नव्हतं. दादानेही पाहिलं नसावं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

मेदेरला मीच फोन केला होता, बॅटरीचं जे उरलं त्याला हात लावायचा की नाही हे विचारायला. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. ओढ्यातून डबा काठीने बाहेर ओढला, लांब उघड्यावर नेला आणि उकरून बघू लागला. आम्ही उभे होतो. जळलेल्या चिकट गोळ्यातून त्याने ती जाड तार काढली आणि वर धरली.

"दाजी, ही कुणी घातली?"

"मी."

"का?"

मला वाटलं दादा आता बावीस वर्षांच्या अनुभवाचं पुराण लावणार. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "तू फार यायचास."

मेदेर चष्मा पुसत राहिला. वहिनी डबे भरत होती, तिचे हात थांबले.

"तुम्ही एकदा 'येऊ नकोस' म्हणायचं होतं," मेदेर म्हणाला. "मी आलो नसतो. ह्या तारेपायी तंबूची राख झाली असती, दाजी. माणसं आत झोपलेली असती तर?"

"'येऊ नकोस' म्हणायला लाज वाटली."

"आणि ही तार जोडायला नाही वाटली?" हे वहिनी बोलली.

मेदेरची नजर दगडावर वाळत घातलेल्या बुरणुसावर गेली. तो जवळ जाऊन बसला. "ही शिंगं आमच्याच आळीतली. अशी तिरपी कुणी दुसरं काढत नाही. लोकर थापून हा लाटायला माझी आजीसुद्धा बसली असणार."

दादाने डोळे मिटून घेतले. "घे," तो म्हणाला. "आता बुरणूससुद्धा तुझाच."

मला हसू आवरेना. वहिनीला आवरलं, पण तिने पाठ फिरवली.

मेदेर म्हणाला, ताईंना मी मोटरसायकलवर खाली सोडतो, तिथून बिश्केकच्या गाडीत बसवतो. हे ऐकताच दादा ट्रककडे चालू लागला. एका हाताला फडकं गुंडाळलेलं, दुसऱ्या हाताने गिअर आणि चाक दोन्ही सांभाळत, त्याने तो उतार कसा पार केला ते देवाला ठाऊक. वहिनी मला नंतर म्हणाली, वाटभर तो एकच वाक्य बोलला, "बिश्केकला उतरलीस की आधी खा, मग तलासची गाडी धर."

ती गेली, आणि दादाच्या अंगावर संसार कोसळला. गाई त्याला दूध देईनात, त्यांना वहिनीचा हात ठाऊक. मी अर्ध्या काढायचे, अर्ध्या तो एका हाताने शिव्या देत काढायचा. यंत्राचा दांडा डाव्या हाताने फिरवून त्याचा खांदाही धरला. एकदा दांडा सोडून तो खाली बसला आणि म्हणाला, "हे ती रोज दोनदा करायची?"

"बॅटरी यायच्या आधी? तीनदा."

संध्याकाळी तो टेकडी चढायचा. परत आला की चेहरा काळवंडलेला. "काय म्हणाली वहिनी?" मी विचारायचे.

"बरी आहे म्हणाली. मागे कुणीतरी हसत होतं. मी विचारलं कोण. म्हणाली, सगळेच."

"मग चांगलंच आहे की."

"सगळेच!" तो म्हणाला. "एकटा मेदेर होता तेच बरं होतं गं."

ऑगस्टच्या शेवटी, गुरं आमच्या ह्यांच्यावर सोपवून, तो तिला आणायला ट्रक घेऊन तलासला निघाला. जाताना सासूसाठी मेंढी घेतली आणि अत-बाशीला थांबून मेदेरच्या दुकानात गेला. तिथे काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. पण पुढच्या मोसमासाठी नवी बॅटरी सांगून ठेवली हे खरं. तिच्यात हिरवी पट्टी आहेच, वर मेदेरने एक छोटा भोंगा बसवला आहे. बंद व्हायच्या आधी थोडा वेळ तो कोकरासारखा ओरडतो. तो ओरडला की दादा मुकाट्याने टीव्ही बंद करतो.

तलासला त्याची जी गत झाली ती मला वहिनीने सांगितली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. अख्खी आळी दाजी बघायला जमली. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता. मेहुण्या म्हणवणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याच्या टोपीत पीठ भरलं, चहात मीठ ओतलं, तलासची पोर पळवून नेलेल्या माणसाने गाणं म्हटल्याशिवाय जेवायचं नाही असा दंड लावला. तो गायला. सासूबाईंना दिसत नाही नीट, त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "कान मोठे आहेत. सगळं ऐकत असशील." वहिनी एकेकाच्या गळ्यात पडत होती, आणि दादा कोपऱ्यात बसून कुणी किती वेळ तिचा हात धरला ते बघत होता.

निघताना एक उंच, पांढऱ्या दाढीचा, ताठ कण्याचा माणूस आला आणि वहिनीच्या ओंजळीत सफरचंदं ओतून काही न बोलता गेला. दादाने पहिला घाट चढेपर्यंत दम धरला. मग विचारलं, "तो कोण होता?"

"कुठला?"

"सफरचंदवाला."

"तो होय. झानीबेक. त्याने मला मागणी घातली होती. तुमच्या आदल्या वर्षी."

दादाने घाटाच्या मध्यावर ट्रक उभा केला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत." मग तिने सफरचंद पुसलं, चावलं आणि अर्धं त्याच्यापुढे धरलं. "चला आता. घाट बंद होईल."

त्याने ते अर्धं खाल्लं. गोड होतं का, असं मी विचारलं तर तो गुरं मोजायला उठला.

यंदाच्या उन्हाळ्यात मेदेर बायकोला घेऊन कुरणात आला होता. दादाने स्वतः मेंढी कापली, पोराला शेजारी बसवलं, "बस रे मेव्हण्या," म्हणाला. टेकडीवर वहिनी रोज जाते, आईशी बोलते, आणि तो खाली घोड्याचे नाल ठोकत बसतो. काल तो ओढा ओलांडून माझ्याकडे आला, नुसताच उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं.

"काय झालं, दादा?"

"काही नाही." टोपी काढली, परत घातली. "गुलसून, खरं सांग. बायकांना उंच माणूस बरा वाटतो का गं?"